सावकाराचा वाडा आणि व्यापाऱ्याचें दुकान

श्रीरामपूर हें जुन्या वाड्यांचें गांव नव्हे. आगगाडी आणि पाटाचें पाणी यांनीं तें वसविलें. तेथील बाजारपेठेंत व्यापाऱ्याचें घर रस्त्याकडे तोंड उघडून उभें असतें. उलट अहमदनगर, म्हणजे आतांच्या अहिल्यानगर, जिल्ह्यांतील खेड्यांत सावकारांचे जुने वाडे गढीसारखे बंद दिसतात. दोन्ही घरें पैशाच्या देवघेवीवर उभीं राहिलीं असतां त्यांचीं रूपें इतकीं भिन्न कां, याचें उत्तर इतिहासांत सांपडतें.

वाड्याचें जोतें घडीव काळ्या दगडाचें व भिंती जाड असतात. रस्त्याच्या बाजूस खिडक्या थोड्या व उंचावर. दरवाज्यावर लोखंडी खिळे, आंतून भिंतींत सरकणारा अडसर, आणि मोठ्या दारांतच एक लहानशी दिंडी. तिच्यांतून येणाऱ्यास मान लववावीच लागे. देवडी ओलांडली कीं चौक, आणि चौकाच्या कडेच्या सोप्यांत पेढी. गादी, लोड आणि वह्या हीच तिची सामग्री. कूळ पायरीशीं बसे. घरच्या बायकांचा वावर पलीकडे माजघरांत. त्याहून आंत देवघर, आणि भिंतीआड धान्याचें बळद. जो जितका परका तितका तो दाराजवळ थांबे. जी वस्तु जितकी मोलाची तितकी ती आंत जाई.

भिंती जाड असल्या तरी छपराचा भार मुख्यतः लाकडी सांगाड्यावर असतो. दगडी तळखड्यांवर खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर कड्या. दोन खांबांमधील अंतर तो खण, आणि घराचें मोठेपण खणांनीं मोजलें जाई. वर फळ्या वा काटक्या अंथरून पांढऱ्या मातीचें धाबें करीत. कमी पावसाच्या मुलखांत हें छप्पर सोयीचें व उन्हाळ्यांत थंड. मात्र पावसाळ्यापूर्वीं त्याची डागडुजी चुकत नाहीं.

हा सारा बंदोबस्त जितका दागिन्यांसाठीं तितकाच कागदांसाठीं होता. अमेरिकेंतील यादवी युद्धामुळें चढलेले कापसाचे भाव १८६५ नंतर कोसळले, सारा वाढला, आणि शेतकरी कर्जरोख्यांत अडकला. १२ मे १८७५ रोजीं पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें रयतेनें सावकारांवर चाल केली. लवकरच तें लोण नगर जिल्ह्यांत पोंचलें. जमावाची मागणी बहुधा एकच असे: रोखे बाहेर काढा. ते मिळाले कीं जाळीत, आणि पुष्कळ ठिकाणीं त्यापुढें हात उचलीत नसत. १८७९ च्या कायद्यानें कर्जापायीं शेतकऱ्यास कैद करणें बंद झालें, आणि न्यायाधीशास व्यवहाराच्या मुळापर्यंत जाऊन हिशेब तपासतां येऊं लागला. अडसरापलीकडील वही आतां कोर्टांत उघडावी लागे.

त्याच सुमारास, १८७८ मध्यें, दौंड-मनमाड लोहमार्ग सुरू झाला. प्रवरेकांठच्या बेलापूर गांवाचें स्थानक गांवापासून दूर पडलें, आणि त्याच्याभोंवतीं जी वस्ती वाढली तीच पुढें श्रीरामपूर झाली. १९२६ मध्यें भंडारदरा धरणाचें उद्घाटन झालें. प्रवरेच्या कालव्यांनीं ऊस आणला, आणि जवळच हरेगांवीं साखर कारखाना चालूं लागला. आतां धन रोख्यांत नव्हे, तर गुळाच्या ढेपांत आणि धान्याच्या पोत्यांत होतें. पोतें दिंडींतून नेतां येत नाहीं. त्यास गाडी उभी राहील असा रस्ता हवा. म्हणून पुढें फळ्यांचें दुकान, मागें वखार, वर बिऱ्हाड अशी मांडणी सोयीची ठरली.

खेड्यांतील वाडे मात्र ओस पडूं लागले. घर सुटलें कीं धाब्याची निगा सुटते, पाणी मुरतें, तुळईचें टोंक कुजतें. वाटण्या झाल्या कीं उरलेलें लांकूड विकलें जातें. वाडा उतरविण्यापूर्वीं त्याचीं मापें घ्यावींत, आणि मोडींतील वह्या रद्दींत न घालतां जपाव्यात. ज्या वह्या एके काळीं रयतेनें जाळल्या, त्यांतच आज तिच्या पिकांची, लग्नांची व दुष्काळांची नोंद शिल्लक आहे.