फियाटचे इंजिन उतरविताना

मोटारीचे इंजिन दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीचे नाव पंचक्रोशीत होते. परंतु तेच अवजड इंजिन गाडीच्या पुढच्या खणातून, मडगार्डच्या रंगाला ओरखडा न पडू देता आणि एकही नळी न मुरडता, बाहेर काढणाऱ्या हातांची दखल सहसा कोणी घेत नाही, ही गोष्ट पुण्याच्या नाना पेठेतील सुट्या भागांच्या दुकानांपाशी व तेथल्या गॅरेजांच्या दारांत वर्षानुवर्षे रेंगाळलेल्या माझ्यासारख्या माणसाला फार खटकते. माझे स्पष्ट मत आहे की, इंजिन नीट उतरविता आले म्हणजे निम्मी दुरुस्ती झाली. कारण तेल कोठून पाझरते, इंजिन ज्यांवर टेकते त्यांपैकी कोणत्या फाउंडेशनचे रबर फाटले आहे आणि कोणता बोल्ट पूर्वीच्या कारागिराने नुसताच अडकवून ठेवला आहे, हे सारे उतरवितानाच कळते, आणि एकदा इंजिन बाकावर चढून रॉकेलने धुतले गेले की त्या पुराव्यांतील बराचसा भाग कायमचा नष्ट होतो.

ज्या गाडीवर ही विद्या पुण्यात मुरली ती फियाट, पुढे पद्मिनी. सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंदांनी 1944 साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स कंपनी स्थापिली, कुर्ल्याच्या कारखान्यातून पन्नाशीच्या दशकात फियाट 1100 बाहेर पडू लागली, 1974 च्या सुमारास तिला पद्मिनी हे नाव मिळाले, आणि नवे शतक उगवता उगवता तिचे उत्पादन थांबले; मुंबईच्या रस्त्यांवरील पद्मिनी टॅक्सी तर ऑक्टोबर 2023 मध्ये निवृत्त झाली. एवढा इतिहास पुरे.

खरे आकर्षण बॉनेटखाली आहे. 1089 घनसेंटिमीटरचे, चार सिलिंडरांचे, सुमारे 40 अश्वशक्तीचे ते इंजिन गाडीच्या लांबीच्या दिशेने बसविलेले असून त्याच्या पाठीशी गिअरबॉक्स व तेथून मागच्या चाकांकडे जाणारा प्रॉपेलर शाफ्ट अशी रचना असल्यामुळे, बॉनेट व रेडिएटर दूर केले की कारागिराला चहूबाजूंनी हात घालण्यास ऐसपैस जागा मिळते. आरंभ बॅटरीपासून होतो, आणि तोही ऋण टोकाच्या वायरीपासून. कारण गाडीचा सारा सांगाडा त्या टोकाशी जोडलेला असतो, व धन टोकाचा नट आधी सोडविताना पाना पत्र्याला टेकला तर ठिणग्यांचा लोळ उठतो. मग थंड झालेल्या रेडिएटरचे पाणी, इंजिनाखालच्या चेंबरचे ऑइल, कार्ब्युरेटरकडे येणारी पेट्रोलची नळी, अॅक्सिलरेटरचा दांडा, चोकची तार, डायनामो व स्टार्टरच्या वायरी, आणि अखेरीस सायलेन्सरचा पाइप, ज्याचे गंजलेले नट आदल्या रात्रीच तेलात भिजविण्याचे धोरण शहाणे मिस्त्री पाळतात. प्रत्येक वायरीला चिंधीचा तुकडा अथवा रंगाचा ठिपका, प्रत्येक जागेचे नट-बोल्ट वेगळ्या डब्यात: मामलेदार कचेरीतील जुन्या कारकुनाने दप्तर लावावे तसा हा बंदोबस्त असतो, आणि ज्या गॅरेजात तो दिसत नाही तेथे मी माझी गाडी कदापि देणार नाही.

यानंतर येतो तो क्षण, ज्यासाठी मी तासन् तास उभा राहत आलो आहे. काही गॅरेजांत गिअरबॉक्ससह इंजिन उचलतात. परंतु मला प्रिय असलेली रीत म्हणजे गिअरबॉक्स खाली जॅकवर तोलून जागीच ठेवणे आणि इंजिन तेवढे पुढे ओढून घेणे. इंजिन व गिअरबॉक्स यांना जोडणाऱ्या बेलहाउसिंगचे बोल्ट गोटी पान्याने सुटले, फाउंडेशन मोकळी झाली, चेन-कप्पीची साखळी ताणली गेली, तरी इंजिन तत्काळ सुटत नाही. कारण गिअरबॉक्सचा पुढचा शाफ्ट क्लच प्लेटच्या खाचांतून आरपार जाऊन क्रँकच्या टोकातील पायलट बुशमध्ये शिरलेला असतो, आणि तो सरळ रेषेतच बाहेर आला पाहिजे. त्या शाफ्टवर इंजिनाचा भार यत्किंचित लोंबकळला तरी प्लेट वाकते, आणि मग पुन्हा जोडलेल्या गाडीचा क्लच पुरता सुटत नाही व प्रत्येक गिअर कुरकुरत पडतो. म्हणून निष्णात मिस्त्री जोर लावीतच नाही. तो एक तळवा इंजिनाच्या हेडवर ठेवतो, पोऱ्याकडून कप्पीची साखळी एकेक कडी ओढवून घेतो, दोन्ही अंगांची फट सारखी आहे का ते बोटाने चाचपतो, आणि इंजिनाला हलकेच डावे-उजवे डोलावतो. एका वयोवृद्ध मिस्त्रींना मी विचारले, “मिस्त्री, नेमके सुटले हे कळते कसे?” ते म्हणाले, “साहेब, वजन हाताला सांगतं. अडकलेलं इंजिन जड लागतं, सुटलेलं हलकं.” कप्पीने पेललेले वजन तर दोन्ही वेळा तेवढेच, तरीही त्यांचे म्हणणे शब्दशः खरे आहे, कारण तळव्याला जाणवतो तो भार नसून विरोध असतो. शाफ्ट मोकळा झाला की इंजिनाचे तोंड किंचित वर करून खालचा चेंबर आडव्या क्रॉस-मेंबरवरून पार करावा लागतो.

चेन-कप्पीविषयी येथे थोडे विषयांतर क्षम्य ठरावे. हाताने पुष्कळ साखळी ओढावी तेव्हा भार बोटभर वर चढतो, हा तिच्या दंतचक्रांचा हिशेब. आणि हात सोडला तरी भार जागच्या जागी राहतो, हा तिच्यातील ब्रेकचा गुण. जुन्या बाजारात बुधवारी व रविवारी अशा कप्प्या, जॅक, पाने यांचे ढीग मी न्याहाळले आहेत, पण कप्पी मात्र तेथून उचलू नये असेच मी सर्वांना सांगत आलो आहे. ताणलेली कडी डोळ्यांना दिसत नाही, आणि टांगलेल्या इंजिनाखाली हात घालणारा बहुधा सोळा-सतरा वर्षांचा मुलगा असतो. खंडेनवमीला गॅरेजांत पान्यांबरोबर कप्पीलाही झेंडूची माळ पडते, तो मान तिला सर्वस्वी साजतो.

नव्या गाड्यांचे शास्त्र निराळे. टाटांच्या इंडिकेसारख्या गाडीत इंजिन आडवे, गिअरबॉक्स त्याच्याच कुशीत, व पुढच्या चाकांकडे जाणारे ड्राइव्ह शाफ्ट आधी उपसावे लागतात. 2008 साली प्रकट झालेल्या नॅनोचे इंजिन तर मागच्या अंगाला. अशा गाड्यांत पुष्कळदा इंजिन वर उचलण्याऐवजी गाडीच वर घेऊन ते खाली उतरवितात. वायरिंगच्या जुडग्यामुळे आणि एसीच्या गॅसमुळे कामाची सूक्ष्मता वाढली आहे, हे मी मोकळ्या मनाने मान्य करतो.

इंजिन केवळ दुरुस्त करून परत बसवायचे असेल तर सरकारदरबारी जाण्याचे कारण नाही. परंतु पेट्रोलचे काढून डिझेलचे बसविण्याची जी लाट एके काळी आली होती, तशा बदलास 1988 च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 अन्वये संगम पुलाजवळील आरटीओ कचेरीत अर्ज करून मंजुरी घेणे अवश्य असते. नोंदणीपुस्तकातील क्रमांक व ब्लॉकवरील क्रमांक जुळले नाहीत, तर गाडी विकताना मालकाची फजिती अटळ होय.

परत बसविताना सारी कसोटी पुन्हा त्या क्लच प्लेटपाशीच येते. प्रेशर प्लेटचे बोल्ट आवळण्यापूर्वी जाणते मिस्त्री मोडीत निघालेल्या गिअरबॉक्सचा जुना शाफ्ट प्लेटमधून घालून ती बरोबर मध्यावर धरतात, मगच इंजिन मागे सरकवितात, आणि बेलहाउसिंगची फट बोल्ट आवळून नव्हे, तर हातानेच मिटली पाहिजे असा आग्रह धरतात. ऑइल व पाणी भरल्यावर प्लग काढून, ऑइल प्रेशरचा दिवा विझेपर्यंत इंजिन नुसते स्टार्टरने फिरवावे. आणि गाडी थोडी चालली, की फाउंडेशनचे बोल्ट व हेडचे नट पुन्हा एकवार तपासून घ्यावेत.