द्राक्षाची काडी आणि मुलांचे हात



नाशिककरांस द्राक्षवेलीची ओळख करून द्यावयास नको. दिंडोरीच्या किंवा निफाडच्या रस्त्यास लागलें, कीं मांडवावर चढलेल्या वेली दिसूं लागतात. परंतु रविवारीं चर्चमध्यें योहानाच्या शुभवर्तमानाचा पंधरावा अध्याय वाचला जातो, प्रभु येशू स्वतःस द्राक्षवेल आणि शिष्यांस फांद्या म्हणतो, तेव्हां बांकावर बसलेल्या मुलास त्या बागेची आठवण होतेच असें नाहीं. शब्द एकीकडे राहतो आणि वेल दुसरीकडे. या दोहोंची गांठ पडावी म्हणून चर्चनें कुटुंबांकरितां हस्तकलेची एक दुपार कशी योजावी, हें आज सांगावयाचें आहे.

प्रार्थनेबरोबर हातांनाहि काम असावें, ही कल्पना नाशिकला नवी नाहीं. एकोणिसाव्या शतकांत चर्च मिशनरी सोसायटीनें वसविलेल्या शरणपुरांत शाळेच्या शिक्षणाबरोबर हातचे धंदेहि शिकवीत असत. गुलामगिरींतून सुटलेल्या ज्या आफ्रिकन मुलांस नाशिकास आश्रय व शिक्षण मिळालें, त्यांपैकींच एक जेकब वेनराइट. १८७३ सालीं डॉ. लिव्हिंग्स्टन आफ्रिकेंत वारले, तेव्हां त्यांच्या हृदयाच्या दफनसमयीं प्रार्थना त्यानें वाचली आणि तेथल्या झाडावर स्मृतिलेखहि त्यानेंच कोरला.

आतां मूळ विषयाकडे वळूं. आपल्याकडे द्राक्षाची छाटणी वर्षांतून दोनदां होते. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी. तिच्यानंतर फुटणाऱ्या नव्या काड्यांत पुढील पिकाचे डोळे घडतात. ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी. मग त्या डोळ्यांतून घड बाहेर येतात. या दुसऱ्या छाटणीनंतरचा एखादा शनिवार आपल्या कामास उत्तम. मंडळींतील कोणा बागाइतदाराकडे शब्द टाकला, तर भाराभर काड्या फुकट मिळतील. मात्र डोळे लवकर फुटावेत म्हणून वेलींना जें औषध लावतात, तें लावण्यापूर्वींच काड्या वेचाव्या, आणि फवारणीचा अंश राहूं नये म्हणून त्या स्वच्छ धुवाव्या. वाळल्या असल्यास रात्रभर पाण्यांत भिजत घालाव्या, म्हणजे वांकवितांना मोडत नाहींत.

दोन तासांचा वेळ पुरेसा आहे. एका सतरंजीवर आठ माणसें बसवावीं. पण प्रत्येक कुटुंबास निराळा कोपरा देऊं नये. दोन घरें एकत्र बसवावीं आणि त्यांच्यांत एकटें राहणारें एखादें माणूस, मग तीं वृद्ध बाई असोत कीं परगांवचा विद्यार्थी, अगत्यानें सामील करावें. नाहींतर 'कुटुंबांची सभा' म्हणतांच ज्यांना जवळ कुटुंब नाहीं, तीं माणसें दारांतूनच परत जातात.

आरंभीं दहा मिनिटें अध्याय वाचावा व काडी हातोहात फिरवावी. बागेचें काम जाणणाऱ्या गृहस्थानें छाटणी कां करतात तें साध्या शब्दांत सांगावें. नंतर काम सुरू करावें. एक लांब काडी घेऊन वीतभर रुंदीचें कडें करावें व तिचें उरलेलें टोक त्याच कड्याभोवतीं गुंडाळून आंत खोंचावें. जेथें पहिली काडी संपली, त्याच्या समोरच्या बाजूनें दुसरी सुरू करावी. अशा चार-पांच काड्या झाल्या, कीं दोऱ्यावांचून कडें घट्ट बसतें. कात्री मोठ्यांच्या हातीं असावी. कडें धरण्याचें काम लहानांचें, गुंडाळण्याचें काम मोठ्या मुलांचें. शेवटीं झेंडूचीं फुलें व हिरवीं पानें खोंवावीं.

येथें वडील मंडळींस एक विनंति आहे. मुलाचें कडें वांकडें होऊं लागलें, कीं तें त्याच्या हातून काढून घेण्याचा मोह आपल्याला आवरत नाहीं. तो आवरावा. बक्षिसेंहि ठेवूं नयेत. बक्षीस आलें, कीं बापच कडें करूं लागतो आणि मूल बघत बसतें.

याहूनहि नाजूक गोष्ट अर्थ सांगण्याची आहे. फळ देणारी फांदी अधिक फळ यावें म्हणून छाटली जाते, असें त्या अध्यायांत आहे. परंतु त्याच सतरंजीवर यंदा घरचें माणूस गमावलेली एखादी माता असेल. अवकाळी पावसानें वा गारांनीं ज्याची बाग गेली, असा शेतकरी असेल. 'देवानें तुमची छाटणी केली' असें त्यांना सांगणें हें सांत्वन नव्हे. तो घाव आहे. माळी आपल्या हातानें, विचार करून छाटतो. गारपीट विचार करीत नाहीं. त्या अध्यायाचा भर वेलींत राहण्यावर आहे. म्हणून चालकानें दुःखाचा अर्थ लावण्याच्या भरीस पडूं नये. 'यंदा तुम्हांला कोणाचा आधार झाला?' एवढेंच विचारावें आणि काम करतां करतां लोक बोलतील तें ऐकावें. समोरासमोर बसून जें बोलवत नाहीं, तें हात गुंतलेले असतां पुष्कळदां सहज बोललें जातें. बापलेकांच्या बाबतींत तर हें विशेष खरें.

प्रत्येक सतरंजीवर निदान एक कडें अधिक करावें. आपापलीं कडीं घरीं न्यावीं. हें जादा कडें आजारामुळें किंवा वार्धक्यामुळें येऊं न शकलेल्या कोणाच्या घरीं मुलांनीं स्वतः पोंचवावें व तेथें घटकाभर बसावें. पत्ता पाळकसाहेबांनीं आधींच काढून ठेवावा, म्हणजे तो बेत बोलण्यावरच राहत नाहीं.

खर्च म्हणाल तर फुलांचा आणि चहाचा. पुढच्या ऑक्टोबरांत मुलांनीं आपण होऊन 'काड्या केव्हां येणार?' असें विचारलें, तर दुपार सार्थकीं लागली असें समजावें.