छत्तीसचा आकडा

यवतमाळ शहराला लागूनच लोहारा आहे. बाहेरच्या माणसाला हे नाव ठाऊक असतं ते एमआयडीसीमुळे, आणि तिथल्या रेमंडच्या डेनिम कारखान्यामुळे. भोवताली कापसाची काळी जमीन आणि मध्ये जीन्सचं कापड विणणारे माग. यात विशेष काय, असं वाटेल. पण जीन्सचा निळा रंग सुतावर चढतो कसा, हे एकदा समजलं की माणूस आपल्याच पँटकडे वेगळ्या नजरेनं बघायला लागतो.

नीळ पाण्यात विरघळत नाही. तिला आधी रसायनांनी वश करावं लागतं, आणि वश झालेली नीळ निळी नसतेच. पिवळसर हिरवी असते. पांढऱ्या सुताचे दोर त्यात बुडवून वर काढले, हवा लागली, की डोळ्यांदेखत हिरव्याचं निळं होतं. पुन्हा बुडवायचं, पुन्हा हवा दाखवायची. असे कितीतरी फेरे. एवढं करूनही रंग सुताच्या गाभ्यापर्यंत पोचत नाही. बाहेर निळं कडं आणि आत पांढरं सूत असंच राहतं. आडवा धागा तर मुळात पांढराच. म्हणून गुडघ्यावर, खिशाच्या कडेला घासलं की आतला पांढरा डोकावतो. जीन्सच्या ज्या विटण्यावर लोक जीव टाकतात, ते रंगाऱ्याच्या हिशेबानं अर्धवट काम आहे!

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे एक अल्बम. त्याच्यावरून एका जुन्या अमेरिकन रॅप टोळीचे चाहते २००७ सालापासून एकमेकांशी भांडताहेत. टोळी वू-टँग क्लॅन, अल्बम ‘८ डायग्रॅम्स’. ढगळ जीन्स ही हिप हॉपवाल्यांची वर्दीच होती, आणि या पठ्ठ्यांनी तर १९९५मध्ये ‘वू वेअर’ नावाचा स्वतःचा कपड्यांचा धंदाही काढला. मला लोहारा आठवतं ते मात्र त्या अर्धवट रंगामुळे.

स्टॅटन आयलंड हे न्यूयॉर्क शहराचं दुर्लक्षित बेट. तिथल्या आणि ब्रुकलिनच्या नऊ पोरांना कुंग-फूच्या सिनेमांचं इतकं वेड, की बेटाला ती ‘शाओलिन’च म्हणायला लागली. ९ नोव्हेंबर १९९३ रोजी त्यांचा पहिला अल्बम आला, ‘एंटर द वू-टँग (३६ चेंबर्स)’. हा छत्तीस १९७८च्या एका हाँगकाँगी सिनेमातून उचललेला; त्यात शाओलिनच्या मठात युद्धविद्या शिकवणारी पस्तीस दालनं आहेत आणि नायक छत्तिसावं उघडू पाहतो. टोळीचं स्वतःचं गणितही आहे. माणसं नऊ, प्रत्येकाच्या हृदयाला कप्पे चार, नऊ चोक छत्तीस. मराठी माणसाला यात आणखी एक गंमत दिसते, जी त्या बिचाऱ्यांना दिसणं शक्य नव्हतं. आपल्या लिपीत ३६ लिहिला की तीन आणि सहा एकमेकांकडे पाठ करून बसतात. पुढे टोळीत जे झालं, ते या आकड्यानं आधीच सांगून ठेवलं होतं म्हणायला हरकत नाही.

पहिल्या अल्बमचा आवाज ऐकताना वाटतं, कुणीतरी तळघरात दार लावून बसलंय. तो तसा का आहे, याचं उत्तर बरंचसं यंत्रात आहे. सँपलर नावाचं यंत्र जुन्या तबकडीवरचा छोटासा तुकडा उचलून साठवतं. मग तो कापायचा, ठेचायचा, पुन्हा पुन्हा फिरवायचा. न्यूयॉर्कच्या बीट बनवणाऱ्यांचं त्या काळचं लाडकं यंत्र होतं १९८७चं एसपी-१२००. त्याची एकूण साठवण किती? जेमतेम दहा सेकंद! यावर पोरांनी काढलेली युक्ती ऐकण्यासारखी आहे. मिनिटाला तेहतीस फेऱ्यांची एलपी पंचेचाळीसच्या वेगानं पळवायची. दहा सेकंदांचा तुकडा साडेसातच्याही आत आटोपतो. तो साठवायचा आणि यंत्रात त्याचा वेग पुन्हा उतरवायचा. जागा वाचते, पण आवाजाच्या कडा झिजतात, खरखर येते, ढोल जाडाभरडा होतो. ही खरखर कुणी मुद्दाम मागितली नव्हती. पुढे तिलाच लोक ‘अस्सल’ म्हणू लागले.

आपल्याकडे अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या तबकडीनं वेगळं काय केलं? एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं. तेवढ्यात गवयानं राग दाखवायचा, ताना घ्यायच्या आणि सुई मध्याशी पोचायच्या आत समेवर यायचं. घड्याळाच्या त्या धाकानं गाणं आखूड झालं आणि घट्टही झालं.

वू-टँगचा म्होरक्या आणि संगीतकार होता रिझा. एन्सॉनिक कंपनीच्या सँपलरवर तो जुन्या सोल गाण्यांचे तुकडे आणि कुंग-फू सिनेमांतले संवाद, तलवारींचे खणखणाट एकत्र कुटायचा. सुरुवातीलाच त्यानं साथीदारांकडून पाच वर्षांची पूर्ण हुकमत मागून घेतली होती: मी सांगीन ते ऐकायचं. लाउड रेकॉर्ड्सशी त्यानं केलेला करारही तेव्हा अचाट होता. टोळी एका कंपनीकडे, पण प्रत्येक गडी एकट्याच्या अल्बमसाठी दुसऱ्या कुठल्याही कंपनीकडे जायला मोकळा. डाव साधला. १९९७चा ‘वू-टँग फॉरेव्हर’ पहिल्या आठवड्यात सहा लाखांवर खपला आणि अमेरिकेच्या यादीत थेट पहिला आला. दरम्यान रिझाच्या तळघरातल्या स्टुडिओत पाणी शिरलं आणि तयार बीटांचा मोठा साठा बुडाला, ती गोष्ट वेगळी. पण पाच वर्षं संपली, हुकमत संपली, आणि करारानं मोकळे सोडलेले गडी आपापल्या घरचे कारभारी झाले.

रिझा सिनेमाकडे वळला. १९९९चा ‘घोस्ट डॉग’, २००३चा ‘किल बिल’. पडद्यासाठी संगीत करताना त्याला वादक भेटले, खरी तंतुवाद्यं भेटली. दहा सेकंदांचा पिंजरा तुटलेलाच होता. ११ डिसेंबर २००७ रोजी ‘८ डायग्रॅम्स’ आला तो असा मोकळ्या हवेतून. नाव पुन्हा एका कुंग-फू सिनेमाचं, आणि त्याच्यामागे चिनी परंपरेतल्या आठ रेखाकृती. आत मात्र गिटारी, लांबट सावल्यांसारखे सूर, मागे सरकलेला ढोल आणि गायलेली ध्रुवपदं.

यातल्या एका गाण्यापाशी मी दर वेळी अडखळतो. ‘द हार्ट जेंटली वीप्स’चा पाया आहे जॉर्ज हॅरिसनचं १९६८चं बीटल्सचं गाणं, ‘व्हाइल माय गिटार जेंटली वीप्स’. बीटल्सचा सँपल मिळवणं म्हणजे कल्पवृक्षाची फांदी तोडण्यासारखं. आधी तसाच गाजावाजा झाला, पण प्रत्यक्षात मूळ तबकडीचा तुकडा यात नाही; चाल नव्यानं वाजवून घेतली आहे. वाजवायला कोण? दुसऱ्या वादकांबरोबर खुद्द हॅरिसनचा मुलगा, धनी. आणि या मुलाचं नाव आलं कुठून? रविशंकरांकडे सतार शिकलेल्या बापानं पोराचं नाव आपल्या सप्तकातल्या सहाव्या-सातव्या स्वरांवरून ठेवलं: ध आणि नी. रॅपची टोळी, कुंग-फूचा सिनेमा, लिव्हरपूलची चाल आणि आपले दोन स्वर, सगळे एका गाण्यात. आपल्याकडे ‘धनी’ म्हणजे कोण, हे त्या मुलाला कुणी सांगितलंय का, देव जाणे.

चाहत्यांच्या आधी घरातलेच बिथरले. रेक्वॉन आणि घोस्टफेस किला यांनी अल्बम बाजारात यायच्या आधीच जाहीर नाराजी बोलून दाखवली: हा रिझाचा अल्बम झाला, आमचा नव्हे, लोकांना आमच्याकडून हाणामारीचे बीट हवेत, हे कसले तरंगणारे सूर? घोस्टफेसचा स्वतःचा अल्बम आठवडाभर आधी येऊन धडकला. रेक्वॉननं रिझाला बाजूला ठेवून टोळीचा वेगळा अल्बम काढायचं बोलून दाखवलं. शेवटी २०११मध्ये तो एकट्याच्या नावावर आला, ‘शाओलिन व्हर्सेस वू-टँग’. नावातच छत्तीसचा आकडा! ‘८ डायग्रॅम्स’ अमेरिकेच्या यादीत पंचविसाव्या जागी थांबला.

समीक्षकांनी बहुतेक बरंच म्हटलं. चाहत्यांत मात्र फळ्या पडल्या. एक म्हणते, ढोलात दम नाही, हे सिनेमाचं पार्श्वसंगीत आहे. दुसरी म्हणते, त्रेचाळीस वेळा ‘३६ चेंबर्स’ ऐकायचा असेल तर तोच लावा की. टोळीनं केलेलं सगळ्यात धाडसाचं काम म्हणजे हा नवा अल्बमच. तिसरी फळी मला फार आवडते. ती म्हणते, तेव्हा शिव्या दिल्या, काही वर्षांनी रात्री हेडफोनवर ऐकला आणि कळला. अल्बम तोच, अक्षरही बदललेलं नाही. मग बदललं काय?

आमच्या वऱ्हाडात भजनी मंडळानं जुन्या पदाची चाल बदलली की पारावरचा एखादा म्हातारा म्हणणारच, “पयलेवानी नाही राह्यलं बाप्पा!” हे नुसतं म्हातारपण नाही. १९६८मध्ये रॉबर्ट झायन्स या मानसशास्त्रज्ञानं लोकांना अर्थ न कळणारे शब्द आणि चिनी वळणाच्या खुणा दाखवल्या, काही एकदाच, काही अनेकदा. ज्या जास्त वेळा दिसल्या त्यांचा अर्थ काहीतरी चांगला असणार, असं लोकांना वाटलं. नुसती ओळख झाली की आवड बसते. त्यात माणसाच्या आठवणी पोरवयातल्या आणि ऐन तारुण्यातल्या सगळ्यात दाट असतात. १९९३ला सतरा वर्षांचा असलेला पोरगा २००७ला एकतिशीत. त्याच्या कानाला पहिला अल्बम चौदा वर्षं घासून घासून मऊ झालेला, आणि हा नवा म्हणजे दुकानातून आणलेली कडक, गडद निळी पँट. गुडघ्यात वाकायला तयार नाही. धुतल्यावाचून, वापरल्यावाचून ती विटायची कशी?

मुंबईची ‘स्वदेसी’ ही टोळी २०१३ची, म्हणजे आपल्याकडच्या रॅप टोळ्या अजून कोवळ्या आहेत. त्यांच्या उतारवयातल्या अल्बमवर भांडायला वेळ आहे. आपलं उदाहरण जुन्या नाटकवाल्यांत सापडतं. बालगंधर्व १९३५मध्ये प्रभातच्या ‘धर्मात्मा’त संत एकनाथ झाले. आवाज तोच, माणूस तोच. पण ज्या प्रेक्षकांनी रंगमंचावर त्यांच्या भामिनी आणि रुक्मिणी या स्त्रीभूमिका पाहून जीव ओवाळून टाकला होता, त्यांना शालू-शेल्याशिवायचे बालगंधर्व पचेनात. त्यांना आपले नारायणराव आपल्या आठवणीतल्या रंगमंचावरच हवे होते.

वू-टँगनं पुढे ‘अ बेटर टुमॉरो’ काढला, त्याच्या वेळीही भांडणं झाली. आणि एक अल्बम तर असा केला की त्याची प्रत जगात एकच. २०१५मध्ये तो एका औषध-धंदेवाल्यानं वीस लाख डॉलरना घेतला. पुढे तो धंदेवाला तुरुंगात गेला आणि २०२१मध्ये अमेरिकी सरकारनं ती प्रत विकली. चाहत्यांचे तट पडूच नयेत, याचा इतका पक्का बंदोबस्त दुसऱ्या कुणी केला नसेल.

माझं मत विचाराल तर ‘८ डायग्रॅम्स’ची पहिली सहा गाणी टोळीच्या कुठल्याही कामाशेजारी बसतील. मधला भाग ढिला आहे, तिथे रेक्वॉनची तक्रार मला मान्य आहे. पण शेवटाकडे ‘लाइफ चेंजेस’ नावाचं गाणं आहे, ते चुकवू नका. नवव्या गड्यासाठी, ओल डर्टी बास्टर्डसाठी, उरलेल्यांतले साथीदार तिथे एकेक करून बोलतात. जो आवाज वाढवायला सगळ्यात पुढे असायचा तोच त्यात नाही. १३ नोव्हेंबर २००४ रोजी तो रिझाच्या स्टुडिओत कोसळला. छत्तिसाव्या वाढदिवसाला दोन दिवस बाकी होते.