न लागलेला ठोसा

नायकाचा ठोसा खलनायकाच्या जबड्यावर बसतो, त्याची मान मागे झटकते आणि थिएटरात शिट्ट्या पडतात. चित्रीकरण होताना मात्र ती मूठ जबड्यापासून चांगली वीतभर लांबून गेलेली असते. हे अंतर लपवण्याचं पहिलं काम कॅमेऱ्याची जागा करते. आपल्या दोन डोळ्यांत साधारण सहा सेंटिमीटर अंतर आहे. दोन्हींना किंचित वेगळी चित्रं दिसतात आणि त्या फरकावरून मेंदू जवळ काय नि लांब काय हे ठरवतो. कॅमेऱ्याला लेन्स एकच. तो एका नटाच्या खांद्यामागे लावला की मूठ आणि जबडा एका रेषेत येतात, मधली रिकामी जागा पडद्यावर उरतच नाही. फाइट मास्टर तालमीत घासून घेतो ती वेळ: मूठ रेषेत आली त्याच क्षणी समोरच्याची मान फिरली पाहिजे.

पण एवढ्यावर ठोसा ‘लागत’ नाही. घरी टीव्हीवर मारामारी चालू असताना आवाज बंद करून पाहा. तेच दृश्य लगेच लुटुपुटीचं वाटू लागतं.

यामागचं कारण सांगणारा एक सुंदर प्रयोग रॉबर्ट सेक्युलर, अ‍ॅलिसन सेक्युलर आणि रेने लाऊ यांनी १९९७ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात मांडला. पडद्यावर दोन सारखे ठिपके समोरासमोरून येतात, मध्यभागी एकमेकांवर येतात आणि पुन्हा लांब जातात. या चित्राचे दोन अर्थ निघतात. ठिपके एकमेकांतून आरपार गेले असतील किंवा आदळून उलटे फिरले असतील. आवाज नसताना बहुतेकांना ते आरपार गेलेले दिसतात. ते एकत्र येतात त्या क्षणी एक बारीकसा ‘टक’ वाजवला की बहुतेकांना टक्कर दिसते. ठिपके तेच, त्यांची चालही तीच. डोळ्यांचा पुरावा जिथे संदिग्ध असतो, तिथे मेंदू कानाची साक्ष काढतो. निसर्गात दोन वस्तू एकत्र आल्या आणि नेमका तेव्हाच आवाज झाला, तर त्या बहुधा आदळलेल्याच असतात. हा निकाल इतक्या झटपट लागतो की आपण तर्क केला हे आपल्याला कळतच नाही. आपल्याला टक्कर सरळ ‘दिसते’. सिनेमातल्या प्रत्येक ठोशाचं शास्त्र त्या एका ‘टक’मध्ये आहे, असं मला वाटतं.

म्हणूनच आवाजाची वेळ फार जपावी लागते. दूरचित्रवाणीच्या प्रसारणासाठी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने दिलेल्या मर्यादा इथे बोलक्या आहेत. आवाज चित्राच्या आधी आला, तर सुमारे ४५ मिलिसेकंदांचा फरकही प्रेक्षकाला जाणवू लागतो. मागून आला, तर सुमारे १२५ मिलिसेकंदांपर्यंत जाणवत नाही. प्रकाश आवाजाच्या कितीतरी पुढे धावतो, त्यामुळे उशिरा येणाऱ्या आवाजाची आपल्याला जन्मभराची सवय असते. आधी येणारा आवाज मात्र निसर्गात कधी भेटत नाही.

सिनेमा या सवयीलाही खुशाल वळवतो. वळवाच्या पावसात वीज चमकली की गडगडाट येईपर्यंत आकडे मोजणारं पोरही जाणतं की एक किलोमीटरवरचा आवाज यायला जवळजवळ तीन सेकंद लागतात. पडद्यावर मात्र तितक्याच लांब स्फोट झाला, तरी धमाका ज्वाळेबरोबरच ऐकू येतो. भौतिकशास्त्राच्या दृष्टीने हे चूक आहे, पण तीन सेकंद शांततेत गेली तर ज्वाळ आणि धमाका यांची मेंदूने बांधायची गाठ सुटते.

बरं, हा आवाज तरी खरा असतो का? खरा ठोसा मऊ मांसावर पडतो, बरीचशी ऊर्जा तिथेच जिरते आणि ऐकू येतो तो बद्द आवाज. पडद्यावर तो पुरत नाही. ‘रेडर्स ऑफ द लॉस्ट आर्क’ (१९८१) साठी ध्वनिसंकल्पक बेन बर्ट यांनी चामड्याच्या जाकिटांच्या ढिगावर बेसबॉलची बॅट हाणून ठोशांचे आवाज मिळवले. त्याच चित्रपटात नायकामागे घरंगळत येणाऱ्या अजस्र दगडाचा आवाज खडीवरून उतरवलेल्या मोटारीचा आहे. हिचकॉकच्या ‘सायको’त (१९६०) सुरीचे वार ऐकू येतात, ते खरबुजावरचे. न्हाणीघरातल्या त्या खुनाच्या प्रसंगासाठी सत्तरहून अधिक वेळा कॅमेऱ्याची मांडणी बदलली होती. सुरी शरीरात घुसताना स्पष्ट पाहिल्याचं प्रेक्षक शपथेवर सांगतात. पडद्यावर ते जवळपास नाहीच. वाहणारं रक्त म्हणजे चॉकलेटचं सिरप. कृष्णधवल चित्रात ते रक्तासारखं दिसतं.

असे आवाज घडवण्याच्या कामाला जॅक फोली यांचं नाव मिळालं. बोलपट नुकते आले होते, तेव्हा १९२९ च्या ‘शो बोट’साठी युनिव्हर्सल स्टुडिओत त्यांनी चित्र पाहत पाहत आवाज भरले. आजही फोली आर्टिस्ट तसाच काम करतो. खोलीत वाळू, खडी, लाकूड, फरशी यांचे चौकोन असतात आणि कडेला जोड्यांचा ढीग. समोर पडद्यावर नायिका जिना उतरते, आणि तिच्या पावलागणिक एखादा दाढीवाला गृहस्थ उंच टाचांच्या चपला हातात धरून फळीवर वाजवत असतो. घोड्याच्या टापांना नारळाच्या करवंट्या, बर्फावरच्या पावलांना कॉर्नफ्लोअरची पिशवी, मोडणाऱ्या हाडाला सेलरीचा देठ.

चित्रातला तपशील वाढवला की विश्वास वाढतो, असंही नाही. २०१२ च्या पहिल्या ‘हॉबिट’पटात पीटर जॅक्सन यांनी सेकंदाला २४ ऐवजी ४८ चित्रं वापरली. हालचाल अधिक स्वच्छ झाली आणि अनेक समीक्षकांना नेपथ्य, रंगभूषा, सगळंच उघडं पडल्यासारखं वाटलं. माझ्या मते ही तक्रार रास्त होती. चोवीस चित्रांतली किंचित धूसर हालचाल प्रेक्षकाच्या मेंदूला भर घालायला जागा ठेवते.

नट आणि दिग्दर्शक आपल्याला तोंडपाठ असतात. करवंट्या वाजवणाऱ्याचं नाव शेवटच्या पाटीवर येतं, तेव्हा अर्धं थिएटर दारापाशी पोचलेलं असतं. पुढच्या वेळी दोन मिनिटं बसून ती पाटी जरूर वाचा.