आजी-आजोबांच्या पावलांनी आखा सुट्टीचा बेत

शाळांच्या वार्षिक परीक्षा संपत आल्या की घरोघरी सहलीचे बेत सुरू होतात. मुलांना समुद्र हवा असतो, आई-वडिलांना थंड हवेचे ठिकाण हवे असते आणि सर्वांच्या रजा जुळतील असे दिवस मोजकेच असतात. या चर्चेत आजी-आजोबांचे मत बहुधा सर्वांत शेवटी विचारले जाते. त्यांचे उत्तरही ठरलेले असते, "तुम्ही जाऊन या, मी घर सांभाळते." घरातील मंडळी ते उत्तर खरे मानतात, दोन वेळा आग्रह करतात आणि तिकिटे काढतात.

अंजूरसारख्या गावात वैद्यकीय व्यवसाय करताना या उत्तराची दुसरी बाजू दिसते. मे महिन्यात दवाखान्यात येणाऱ्या वृद्धांचे दोन गट पडतात. एक गट घरी एकटा राहिलेल्यांचा. जेवणाच्या वेळा चुकलेल्या, औषधे अर्धवट घेतलेली, मन उदास. दुसरा गट सहलीहून परतलेल्यांचा. पायांना सूज, लघवीला जळजळ, अशक्तपणा आणि कधी कधी बोलण्यातला गोंधळ. दोन्ही गटांचे दुखणे एकाच ठिकाणी सुरू झालेले असते. बेत आखताना घरातल्या सर्वांत संथ चालणाऱ्या माणसाचा विचार झालेला नसतो.

नकारामागचे न सांगितलेले कारण

"मला यायचे नाही" असे म्हणणाऱ्या ज्येष्ठांना एकांतात, शांतपणे कारण विचारावे. अनेकदा ते कारण लघवीचे असते. वाढत्या वयात लघवी रोखून धरण्याची क्षमता कमी होते. पुरुषांमध्ये प्रोस्टेट ग्रंथी वाढलेली असते, स्त्रियांमध्ये खोकताना किंवा शिंकताना थेंब जाण्याचा त्रास असतो. सुनेसमोर, नातवंडांसमोर हे सांगण्याचा संकोच वाटतो. गुडघे दुखत असतील तर उकिडवे बसण्याच्या शौचालयाचीही धास्ती असते. मग एक तर नकार येतो, नाही तर सोबत येऊन दिवसभर पाणीच न पिण्याचा मार्ग पत्करला जातो.

हा मार्ग धोक्याचा आहे. वयानुसार तहान लागण्याची जाणीव आधीच मंदावलेली असते. त्यात पाणी कमी झाले की मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग, चक्कर येऊन पडणे आणि मूत्रपिंडांवर ताण हे सारे ओघाने येते. उपाय मात्र अवघड नाहीत. मोटारीने जाताना दर दीड-दोन तासांनी, कुणी मागण्याची वाट न पाहता गाडी थांबवावी. निवासासाठी तळमजल्यावरील, कमोड असलेली खोली घ्यावी. प्रौढांसाठी मिळणारे डायपर पिशवीत असू द्यावेत. त्यात लाजण्यासारखे काही नाही.

कोणती सुट्टी कशासाठी

आपल्याकडे शाळांना दोन मोठ्या सुट्ट्या असतात, दिवाळीची आणि उन्हाळ्याची. उन्हाळ्याची सुट्टी लांब असल्याने दूरचे प्रवास तिच्यातच आखले जातात. ज्येष्ठांच्या दृष्टीने मात्र दूरच्या प्रवासासाठी दिवाळीचे दिवस अधिक सोयीचे आहेत. पाऊस ओसरलेला असतो आणि पहाटे गारवा असतो. मे महिन्यात ठाणे-भिवंडीच्या खाडीपट्ट्यात हवेतील दमटपणामुळे घाम वाळत नाही, त्यामुळे अंग थंड होण्याची नैसर्गिक क्रियाच मंदावते. तापमापकावर आकडा फार मोठा नसतानाही उष्णतेचा त्रास होतो तो यामुळे. १६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईतील खारघर येथे भर उन्हात झालेल्या जाहीर सोहळ्यानंतर उष्माघाताने १४ जणांचे प्राण गेले, हे आपण विसरू नये.

म्हणून उन्हाळ्यात ज्येष्ठांसह जवळच्या, अर्ध्या दिवसाच्या सहली कराव्यात. पहाटे निघावे आणि ऊन चढण्यापूर्वी सावलीत परतावे. थंड हवेच्या ठिकाणी जायचे असल्यास तेथे किती चालावे लागते हे आधी विचारावे. माथेरानची हवा सुखद आहे, पण दस्तुरी नाक्याच्या पुढे खासगी मोटारी जात नाहीत. अमन लॉज ते माथेरान या छोट्या गाडीच्या वेळा पाहूनच ज्येष्ठांना तेथे न्यावे.

घराजवळच्या तीन सकाळी

अंजूर आणि परिसरातील कुटुंबांसाठी एक सुंदर मालिका हाताशी आहे. पहिली सकाळ गावातच, नाईक घराण्याच्या सिद्धिविनायकाच्या दर्शनाची. याच घराण्यातील गंगाजी नाईक अंजूरकर यांनी पोर्तुगीजांविरुद्धच्या वसई मोहिमेसाठी मराठ्यांना साहाय्य केले. ही हकिकत नातवंडांना सांगण्याचा मान आजोबांचा.

दुसरी सकाळ वज्रेश्वरीची. हे देवस्थान भिवंडी तालुक्यातच असून त्याची कथाही चिमाजी अप्पांच्या वसईच्या नवसाशी जोडलेली आहे. मंदिराला पायऱ्या आहेत. ज्यांना त्या झेपणार नाहीत त्यांनी पायथ्याशीच हात जोडावेत, घरच्यांनी आग्रह धरू नये. जवळच अकलोलीची गरम पाण्याची कुंडे आहेत. गरम पाण्यात बसल्याने रक्तवाहिन्या रुंदावतात आणि रक्तदाब उतरतो. बाहेर येऊन उभे राहताना चक्कर येते. हृदयविकाराच्या आणि रक्तदाबाची औषधे घेणाऱ्या व्यक्तींनी पाण्यात बसणे टाळावे. मधुमेहाने पायांची संवेदना कमी झालेल्यांनी त्यात पायही बुडवू नयेत, भाजल्याचे त्यांना कळत नाही.

तिसरी सकाळ वसईच्या किल्ल्याची. मे १७३९ मध्ये तो मराठ्यांच्या ताब्यात आला. किल्ला सपाट भूमीवर असून आतून रस्ता जातो, त्यामुळे गुडघेदुखी असलेल्यांनाही तो पाहता येतो. मुलांचा इतिहासाचा एक धडा या तीन सकाळींत पुरा होतो आणि तो शिकवणारे घरातलेच असतात.

निघण्यापूर्वीची तयारी

प्रवास दूरचा असेल तर किमान दोन आठवडे आधी आपल्या डॉक्टरांना भेटावे. रक्तदाब आणि साखर तपासून घ्यावी आणि एक प्रश्न आवर्जून विचारावा : लघवी वाढवणाऱ्या गोळ्या प्रवासाच्या दिवशी कधी घ्याव्यात? स्वतःच्या मनाने त्या बंद करू नयेत. हृदय किंवा मूत्रपिंडाच्या रुग्णांनी दिवसाला किती पाणी प्यावे, हेही ठरवून घ्यावे.

• सहलीच्या दिवसांपेक्षा चार दिवसांची अधिक औषधे घ्यावीत आणि ती हातातील पिशवीत ठेवावीत.
• औषधांची मूळ नावे, आजार, ॲलर्जी आणि घरच्यांचे दूरध्वनी क्रमांक लिहिलेली चिठ्ठी ज्येष्ठांच्या खिशात असावी.
• इन्सुलिन बंद मोटारीत ठेवू नये. बर्फालाही थेट लावू नये, गोठलेले इन्सुलिन निरुपयोगी होते.
• मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेतल्यावर जेवण लांबवू नये. साखर किंवा गूळ जवळ असावा.
• पादत्राणे जुनी, पायाला सरावलेली असावीत. सहलीसाठी नवी घेऊ नयेत.

रेल्वेचे आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून प्रवासाच्या ६० दिवस आधी खुले होते. ६० वर्षांवरील पुरुष आणि ४५ वर्षांवरील स्त्रियांसाठी खालच्या बर्थचा कोटा असतो, परंतु एका तिकिटावर दोनपेक्षा अधिक प्रवासी असल्यास तो लागू होत नाही. म्हणून आजी-आजोबांचे तिकीट वेगळे काढावे. राज्यात एसटीने ७५ वर्षे पूर्ण झालेल्यांना ऑगस्ट २०२२ पासून प्रवास विनामूल्य आहे, तर ६५ ते ७५ वयोगटाला निम्मे भाडे पडते. वयाचा पुरावा सोबत ठेवावा.

प्रवासात

चार तासांहून अधिक काळ पाय लोंबते ठेवून बसल्यास पोटऱ्यांतील शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा संभव वाढतो. तासा-दोन तासांनी उठून चार पावले चालावे. ते शक्य नसेल तर बसल्या जागी घोटे वर-खाली हलवावेत. एकाच पायाला सूज येऊन दुखू लागल्यास किंवा अचानक दम लागल्यास लगेच रुग्णालय गाठावे.

उन्हात असंबद्ध बोलणे, अंग तापणे, तोल जाणे ही उष्माघाताची लक्षणे आहेत. रुग्णाला सावलीत न्यावे, कपडे सैल करावेत, अंगावर पाणी शिंपडून वारा घालावा आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. शुद्ध हरपलेल्या व्यक्तीच्या तोंडात पाणी घालू नये.

विस्मरणाचा आजार असलेली व्यक्ती नव्या जागी, विशेषतः रात्री, गोंधळते. खोलीत मंद दिवा ठेवावा आणि तिला गर्दीत क्षणभरही एकटे सोडू नये.

जे घरीच राहणार आहेत

अंथरुणाला खिळलेल्या ज्येष्ठांना सहलीला नेता येत नाही. अशा घरांत सेवा करणारी व्यक्ती, बहुधा सून किंवा मुलगी, वर्षानुवर्षे कुठेही जात नाही. तिची पाठदुखी, झोपमोड आणि चिडचिड यांवर गोळ्या पुरेशा पडत नाहीत, तिला चार दिवसांची विश्रांती लागते. शाळेची सुट्टी ही त्यासाठी उत्तम संधी आहे, कारण याच काळात भावंडे गावी येतात. येणाऱ्यांनी पाहुणे म्हणून न राहता आळीपाळीने सेवेची जबाबदारी घ्यावी. औषधांच्या वेळा, कूस बदलण्याच्या वेळा, खाण्याचे पथ्य हे सारे कागदावर लिहून एक दिवस प्रत्यक्ष दाखवावे आणि मग निर्धास्तपणे बाहेर पडावे.

सुट्टीच्या तारखा शाळा ठरवते. सहलीचा वेग मात्र आपल्या हातात असतो. दिवसाला चार ठिकाणांऐवजी एकच ठेवले, दुपार विश्रांतीला राखली, तर आजीसोबत तिचे लहान नातवंडही कमी थकते. या वर्षी बेत आखताना आजी-आजोबांना पहिल्यांदा विचारावे. उत्तर नकारार्थी आले तर त्यांच्याजवळ थोडे बसून कारण विचारावे.