रक्ताची गुठळी : तारक आणि मारक

बोट कापले की रक्त वाहते आणि थोड्याच वेळात आपोआप थांबते. रक्तातील सूक्ष्म कण आणि प्रथिनांचे तंतू जखमेच्या तोंडाशी बांध घालतात. हीच रक्ताची गुठळी. हा बांध पडला नसता, तर साधी ठेचही आपल्या प्राणावर बेतली असती. परंतु जखम नसताना तो शिरेच्या आत पडला, तर रक्ताची वाट अडते. आणि त्याचा तुकडा सुटून फुप्फुसात अडकला, तर प्राण संकटात येतात.

हा थोरांचाच विकार, असे आपण समजतो. मुलांत तो विरळा खरा. तथापि नवजात अर्भके आणि कुमारवयीन मुले यांत तो त्यातल्या त्यात अधिक आढळतो. रक्ताचा प्रवाह मंदावणे, शिरेच्या अस्तरास इजा होणे आणि रक्ताची गोठण्याची प्रवृत्ती वाढणे, ही त्याची तीन मूळ कारणे होत. इस्पितळात औषधासाठी मोठ्या शिरेत बसवलेली नळी हे मुलांतील प्रमुख निमित्त. म्हणून गरज संपताच डॉक्टर ती काढून टाकतात.

उपचारांचा इतिहासही मनोरंजक आहे. १९१६ साली बाल्टिमोर येथे जे मॅक्लीन या वैद्यकाच्या विद्यार्थ्याच्या संशोधनातून हेपारिनचा शोध लागला. पुढे अमेरिकेत बुरसलेले गवत खाऊन गुरे रक्तस्रावाने दगावू लागली. त्याचे कारण शोधता शोधता वॉर्फरिन हाती आले. १९४८ साली उंदीर मारण्यासाठी विकले गेलेले हे द्रव्य १९५४ पासून माणसांचे औषध झाले! ही औषधे गुठळी विरघळवीत नाहीत. ती वाढू देत नाहीत, आणि शरीर तिला हळूहळू जिरवते. मात्रा कमी पडली तर गुठळी वाढते, अधिक झाली तर रक्तस्राव होतो. म्हणून मुलाचे वजन पाहून मात्रा ठरवतात आणि अनेकदा रक्तही तपासत राहतात.

एकच पाय अकारण सुजला, दुखू लागला, त्याचा रंग पालटला, तर तेल लावून चोळण्याची आपली रीत येथे घातक ठरू शकते. न चोळता त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. त्यातच धाप लागली किंवा छातीत दुखू लागले, तर क्षणाचाही विलंब नको. आजारपणातही डॉक्टरांच्या अनुमतीने पाय हलवावेत, पुरेसे पाणी प्यावे. घरात पूर्वी कोणास हा विकार झाला असल्यास ते डॉक्टरांना अवश्य सांगावे.

दुखणे लपवू नये, एवढे आपल्या हाती आहे. आणि या विकारात तेवढ्यानेही जीव वाचू शकतो.