दहा टक्के पाणीकपात म्हणजे नक्की काय?

१ एप्रिल २०१५ रोजी कॅलिफोर्नियाचे तेव्हाचे गव्हर्नर जेरी ब्राउन सिएरा नेवाडा डोंगरातल्या एका कुरणात उभे होते. एरवी त्या सुमारास तिथे सरासरी पाच फुटांहून जास्त बर्फ असतो. त्या दिवशी पायाखाली वाळकं गवत होतं. तिथूनच त्यांनी शहरी पाणीवापरात २५ टक्के सक्तीची कपात जाहीर केली. राज्याच्या इतिहासात असं प्रथमच घडत होतं.

लोकांनी पाणी वाचवलंही. पण ज्या शहरांनी आधीच पैसे खर्चून जादा साठे उभारले होते, त्यांनाही कपात लागू झाली आणि तिथून कुरबुर सुरू झाली. मग २०१८ मध्ये कायदा बदलला. आता ३,००० पेक्षा जास्त ग्राहक असलेल्या प्रत्येक शहरी पाणीसंस्थेला टंचाईचा आराखडा आधीच तयार ठेवावा लागतो. त्यात सहा पायऱ्या असतात: तूट १० टक्क्यांपर्यंत, २०, ३०, ४०, ५० आणि त्याहून जास्त. कोणत्या पायरीला काय बंद करायचं, हे तलाव भरलेले असतानाच ठरतं. शिवाय दरवर्षी १ जुलैपर्यंत हिशोब सादर करायचा, तोही कोरडं वर्ष येईल असं धरून.

आता मुंबईकडे पाहू. मे-जून २०२४ मध्ये तलाव आटल्यावर महापालिकेने आधी ५, मग १० टक्के कपात केली. आकडा कॅलिफोर्नियाच्या पहिल्या पायरीइतकाच, पण अर्थ वेगळा. कॅलिफोर्नियात नळ चोवीस तास चालूच राहतो आणि १० टक्के कमी वापरायचं ते ग्राहकाने. तिथे घरगुती पाण्यातलं सुमारे निम्मं अंगणातल्या हिरवळीवर जातं, त्यामुळे पहिली कुऱ्हाड हिरवळीवर. मुंबईत मात्र पुरवठाच कमी सोडला जातो. ठरावीक तासच पाणी येणाऱ्या जाळ्यात दाब घटला, की टेकडीवरच्या आणि लाइनच्या टोकाच्या वस्तीला १० टक्क्यांहून कितीतरी जास्त फटका बसतो. खालच्या मजल्यावर पंप असलेल्याला कदाचित कळतही नाही. त्यात रिकाम्या, गळक्या पाइपात बाहेरचं घाण पाणी शिरतं ते वेगळंच. म्हणून मला वाटतं, 'सगळ्यांना सारखी कपात' हा शब्दप्रयोग फसवा आहे.

पण आराखड्यातलं सगळ्यात कटकटीचं कलम पैशाचं असतं. समजा, एका संस्थेचा खर्च १०० रुपये आहे. त्यातले ८० रुपये धरण, पाइप, पगार आणि कर्जाचे हप्ते, म्हणजे पाणी विकलं जावो न जावो, द्यावेच लागतात. उत्पन्न मात्र मीटरवर. लोकांनी २० टक्के बचत केली तर उत्पन्न ८० वर येतं आणि खर्च फक्त ९६ वर. उरलेले १६ रुपये कुठून आणायचे? कॅलिफोर्नियाच्या कायद्यानुसार या तुटीचं उत्तर आराखड्यातच लिहावं लागतं: राखीव निधी, किंवा टंचाईपुरता अधिभार. हे आधी जाहीर केलं नसेल, तर मनापासून पाणी वाचवणाऱ्या माणसाच्या हाती पुढच्या वर्षी दरवाढीचं बिल पडतं, आणि पुढच्या दुष्काळात तो संस्थेचं ऐकेलच असं नाही.